सगळे बाहेर

१

घर्रर्र… ठक.

कुलूपवाल्याने हा आवाज ऐकला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. आता मिशा पांढऱ्या होऊन पिवळट पडायला लागल्या, पण आवाज काही कानातून गेला नाही.

त्या दिवशी गावाच्या सगळ्यात वरच्या गल्लीतलं टोकाचं घर रिकामं झालं होतं. राहणारे बोचकी-गाठोडी बांधून शहराकडे गेले आणि घर बंद करायचं काम वडिलांकडे आलं. वडीलही कुलूपवालेच. घर बंद करायची त्यांची एक पद्धत होती. एकाने दारात उभं राहून आत हाक मारायची, "कोणी राहिलं का?" दुसऱ्याने गल्लीत उभं राहून मोठ्याने सांगायचं, "सगळे बाहेर!" उत्तर आल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. रिकाम्या घरात मांजर कोंडलं गेलं तरी पाप आपल्या माथी, असं वडील म्हणत.

वडिलांनी हाक मारली. त्याने गल्लीतून उत्तर दिलं. कुलूप लागलं. वडील किल्ली खिशात टाकत होते, तेवढ्यात दाराच्या पलीकडून तो आवाज आला. भिंतीतल्या भोकातून जाड अडसर ओढून दाराच्या पाठीशी आडवा लावला की होतो, तसा. घाईने नाही. दिवेलागणीला घरचं माणूस लावतं तसा, सावकाश.

"दादा, आत कोणीतरी आहे."

"लाकूड आहे," वडील म्हणाले. "जुनं लाकूड बोलतं."

"पण दादा, अडसर तर…"

"चल म्हटलं ना!"

उतारावरून वडील इतके भराभर चालले की त्याला मागे पळावं लागलं. जुनं लाकूड बोलतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण त्या दाराचा अडसर वडिलांनी त्याच सकाळी काढून घरी आणला होता. एवढं वाळलेलं लाकूड वाया कशाला घालवायचं म्हणून. दुपारपर्यंत आईने तो फोडून चुलीत घातलासुद्धा होता.

२

पुढे ती किल्ली वडिलांकडून त्याच्याकडे आली. वर्षातून एकदा टोकाचं घर उघडायचं, वारा द्यायचा, वाळवी बघायची आणि बंद करायचं. लग्न झालं, मुलगा झाला, मुलगा चालायला लागला तसा बापाबरोबर तोही वर यायला लागला. उत्तर द्यायचं काम मग मुलाकडे गेलं. पण सरळ उत्तर देईल तर तो मुलगा कसला? स्टेशनावर गाडीची वर्दी द्यावी तसा तो गाऊन सांगायचा, "सगळे बाहेऽऽऽर!" शेवटचा सूर असा ताणायचा की खालच्या विहिरीवरच्या बायकांना कळायचं, बापलेक आज टोकाच्या घरी गेलेत. मोठा झाला, दाढी आली, बायको आली, तरी ते ताणणं काही सुटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलगा गेला. साध्या तापाचं निमित्त झालं. सकाळी बोलत होता, संध्याकाळी नव्हता.

त्याची आई त्याआधीच गेली होती. घरात उरले सासरा आणि सून. सून शाळेत इतिहास शिकवायची, ते तिने सोडून दिलं. बरेच महिने तिने बोलणंही जवळजवळ सोडलं. कुलूपवाला मुळातच कमी बोलणारा. त्यामुळे त्या घरात भांड्यांचा आवाज तेवढा व्हायचा. मग एका सकाळी ती चहाचा कप त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, "बाबा, आपण लोकांना गाव दाखवू या का? पायी. तुमच्याकडे किल्ल्या आहेत, माझ्याकडे बडबड आहे."

"दिसत नाही हल्ली बडबड," तो म्हणाला.

ती हसली. किती दिवसांनी.

तेव्हापासून पाहुणे यायला लागले. टोप्या घातलेले, पाण्याच्या बाटल्या लटकवलेले. वेशीपासून सुरुवात व्हायची. मग दगडी विहीर, जुनी भट्टी, घोड्यांना पाणी पाजायचा हौद, पहारेकऱ्याची चौकी. सून पुढे चालत गोष्टी सांगायची आणि कुलूपवाला मागून किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारं उघडायचा नि लावायचा. बंद करताना तो हाक मारायचा आणि पाहुणे सगळे मिळून ओरडायचे, "सगळे बाहेर!" त्यांना त्याची मोठी मौज वाटे. कोण ओरडलं, कुठून ओरडलं, हे बघायचं मग राहूनच गेलं. पद्धत होती, ती खेळ झाली.

या वर्षी गावातली जुनी घरं सांभाळणाऱ्या समितीच्या अध्यक्षांच्या मनात आलं की टोकाचं घरही दाखवायचं. कुठे नवीन काही उघडायचं असलं की हा माणूस कात्री घेऊन आधी हजर. गाव त्याला पाठीमागे 'फीतकापे' म्हणायचं. त्याने टोकाच्या घरालाही लाल फीत बांधली आणि कापली. अट एकच घातली. घर मौल्यवान आहे, रोज दाखवून झालं की कुलूप लागलंच पाहिजे.

त्या दिवशी फीत बांधायला खिळा ठोकताना कुलूपवाल्याची नजर भिंतीतल्या अडसराच्या भोकावर गेली. इतक्या वर्षांचं बंद घर. कोनाड्यात जाळी होती, खिडकीत होती, छताला तर पोतंभर होती. त्या भोकात मात्र एक धागा नव्हता. त्याने बोट घालून पाहिलं. कड गुळगुळीत होती. बोट बाहेर काढलं, तर बोटाला तेल लागलेलं.

बिजागरीला तेल कोण घालतं ते गावात सगळ्यांना माहीत होतं. तोच घालायचा. आणि त्याने या भोकाला कधीच घातलं नव्हतं.

३

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग एका दुपारी पाहुण्यांना बस गाठायची घाई होती, म्हणून ते आधीच खाली गेले. गल्लीत दोघंच उरली. सून कठड्याला टेकून बाटलीतून पाणी पीत होती. कुलूपवाल्याने सवयीने दारात उभं राहून विचारलं,

"कोणी राहिलं का?"

"सगळे बाहेऽऽऽर!"

त्याने दार ओढलं, कडी घातली, कुलूप दाबलं. हाताने सगळं आपोआप केलं. डोकं मागून आलं. पाहुणे तर खाली गेलेत. सुनेच्या तोंडात पाणी. आणि तो सूर असा ताणणारा माणूस दोन वर्षांपूर्वी गेला.

त्याने वळून पाहिलं. सुनेची बाटली ओठांशीच थांबली होती. पाणी हनुवटीवरून ओघळत होतं आणि तिला पुसायचं भान नव्हतं.

"लाकूड आहे," कुलूपवाला म्हणाला. म्हणाला आणि त्याला वडील आठवले.

मग दाराच्या आतून, हळूच, घर्रर्र… ठक.

दोघंही उतरून घरी आली. दुसऱ्या दिवशी तो गुपचूप कानाच्या डॉक्टरकडे गेला. कान खराब झाले असतील तर बरंच, असं त्याला मनापासून वाटत होतं. डॉक्टरने दोन्ही कानांत बत्ती मारून पाहिलं.

"आजोबा, तुमचे कान तुमच्या वयाला शोभत नाहीत," डॉक्टर म्हणाला. "शेजारघरची कुजबुज ऐकू येत असेल तुम्हाला."

"नीट बघा की जरा. मळ-बिळ असेल."

"लोक ऐकू येत नाही म्हणून येतात. तुम्हीच पहिले, जे ऐकू येतं म्हणून आलात!"

मग त्याने मनाला दुसरी समजूत घातली. डोंगराकाठची गल्ली आहे, आवाज फिरून येतो. पण हाक त्याने मारली होती. फिरून आला असता तर त्याचा स्वतःचा आवाज यायला हवा होता.

४

सून मात्र त्यानंतर बदलली. वाईट बदलली असती तर कुलूपवाल्याने लगेच हातपाय हलवले असते. पण ती चांगली बदलली, तिथेच तो फसला. दोन वेळा पोटभर जेवायला लागली. केस नीट विंचरायला लागली. स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली. असं माणूस परत मिळाल्यावर कोण कशाला चौकशी करील?

फक्त टोकाच्या घरात ती रेंगाळायला लागली. ते घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढची, मधली आणि आतली. आतलीला खिडकी नाही. पाहुणे बाहेर आले तरी ती आतल्या खोलीत थांबायची. आधी जरा वेळ, मग अजून जरा वेळ. कुलूपवाला दारात वाट बघत राहायचा.

"काय करतेस गं आत?" एकदा घरी ती भाकऱ्या करत असताना त्याने विचारलं.

"काही नाही. गार आहे तिथे. बरं वाटतं."

"गार आपल्या घरीही आहे."

"आपल्या घरी त्याचा आवाज नाही, बाबा."

तवा चुलीवर होता. भाकरी करपायला लागली, तरी दोघं तशीच उभी.

"त्याला दोनच शब्द येतात," ती म्हणाली. "मी किती बोलते त्याच्याशी. कसा आहेस विचारते, रागावते, रडते. तो आपला तेवढंच म्हणतो. पण अगदी कानाशी म्हणतो हो."

"पोरी, तो आपला नाही."

"आवाज तर त्याचा आहे ना?"

"दारात जे बोललं गेलं तेवढंच त्या घराला येतं. आपला असता तर आधी तुझं नाव घेतलं असतं. आणि मला शिव्या दिल्या असत्या, औषध वेळेवर घेत नाही म्हणून."

ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. "तुम्हाला नाही का ऐकावासा वाटत?"

कुलूपवाला खोटं बोलणारा माणूस नव्हता. "वाटतो," तो म्हणाला. "म्हणून तर भीती वाटते."

आपण ती किल्ली अध्यक्षांच्या हातात देऊन मोकळं व्हावं, असं त्याने त्या रात्री ठरवलं. सकाळी उठल्यावर ते ठरवणं पुढे ढकललं. सून गुणगुणत होती.

५

ऊन कलायला लागलं होतं. पाहुणे विहिरीकडे उतरले. त्यांच्या हसण्याचा आवाज खालून येत होता. कुलूपवाल्याने हाक मारली.

"कोणी राहिलं का?"

"सगळे बाहेर," सुनेचा आवाज आला. वर्गातल्या मुलांना सांगावं तसा, स्पष्ट.

त्याने दार ओढलं. कडी कोयंड्यावर बसवली. कुलूप अडकवलं, आता फक्त दाबायचं राहिलं. आणि त्याचा हात थांबला. जन्मभर त्या हाताने दुसरं काही केलं नव्हतं, म्हणूनच बहुधा थांबला. उत्तर पाठीमागून यायचं असतं, गल्लीतून. हे समोरून आलं होतं.

त्याने मागे पाहिलं. गल्ली रिकामी. कठड्यावर सुनेची बाटली तेवढी उभी होती.

त्याने कुलूप काढून हातात घेतलं, दार लोटलं आणि आत गेला. पुढच्या खोलीत उजेड होता. मधल्या खोलीत उजेडाची पट्टी होती. आतल्या खोलीत नुसता चुन्याचा वास. सून भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. डोळे मिटलेले. गाढ झोपेतून उठवलेल्या मुलासारखं तिने वर पाहिलं.

"बाबा? निघायचं का? तुमची हाक आलीच नाही."

"तू उत्तर दिलंस की."

"मी? नाही हो. मी तर त्याचं ऐकत होते."

त्याने तिचा दंड धरला. त्याच वेळी पुढच्या दाराकडून कोणीतरी सावकाश, घोगऱ्या आवाजात विचारलं,

"कोणी राहिलं का?"

आपलाच आवाज बाहेरून ऐकणं काय असतं, ते कुलूपवाल्याला त्या दिवशी कळलं. एवढा म्हातारा झालाय आपला आवाज, असा एक विचार त्याही वेळी मनात येऊन गेला. मधल्या खोलीतली उजेडाची पट्टी बारीक व्हायला लागली. दार लागत होतं.

आणि त्यांच्या मागे, जिथे भिंतीशिवाय काही नव्हतं तिथून, अगदी कानाशी:

"सगळे बाहेऽऽऽर!"

सुनेने त्या आवाजाकडे मान वळवली. तिचे पाय थांबले. कुलूपवाल्याचेही थांबले. पोटच्या पोराचा आवाज होता तो. तिथेच बसून जन्मभर ऐकत राहावं असं क्षणभर त्यालाही वाटलं. नंतर आयुष्यात त्याला सगळ्यात जास्त संताप आला तो त्या क्षणाचा.

"खोटं!" तो ओरडला. तो ओरडतो हे सुनेने कधी पाहिलं नव्हतं. "राहिलंय! आम्ही दोघं राहिलोय आत! दार लावायचं नाही!"

असं उत्तर त्या दाराला आजवर कोणी दिलं नव्हतं. बारीक झालेली पट्टी थबकली. तेवढ्यात सुनेला ओढत तो पुढच्या खोलीत आला. फळी आणि चौकट यांच्यामध्ये चार बोटांची फट उरली होती. त्याने मुठीएवढं लोखंडी कुलूप त्या फटीत कोंबलं. घर्रर्र, असा आवाज भिंतीतून सुरू झाला, फळीवर येऊन आपटला आणि अडला. पुढचा 'ठक' झाला नाही. पलीकडून कोणीतरी जोर लावत होतं. की अलीकडून? त्याला सांगता आलं नसतं. तो आणि ती, दोघं फळीला लोंबकळली आणि दार मागे आलं.

बाहेर ऊन होतं. खाली पाहुणे अजून हसत होते. सून कठड्याशी बसली आणि हमसून रडली. पण सुटका झाल्याचं ते रडणं नव्हतं.

"तेवढंच उरलं होतं हो त्याचं," ती म्हणाली. "तेवढंसुद्धा तुम्ही…"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

६

सकाळी कुलूपवाला सुताराला घेऊन टोकाच्या घरी गेला. लपून-छपून नाही, चांगला भर उन्हात. बिजागऱ्यांचे खिळे निघायला लागले तसे अध्यक्ष धापा टाकत वर आले.

"काका! अहो काय चालवलंय काय? तीनशे वर्षांचं दार आहे ते!"

"म्हणून तर सुताराला आणलं. नाहीतर मी कुऱ्हाड आणणार होतो."

"समितीची परवानगी?"

"समितीला एकदा आत बसवतो आणि बाहेरून कुलूप लावतो. मग परवानगी मागतो."

सुतार खुदकन हसला आणि अध्यक्षांकडे बघून गप्प झाला.

"बरं, काढताय तर काढा," अध्यक्ष जरा नरमले. "दुरुस्त करून परत बसवणार ना?"

"नाही."

"अहो, घराला दार नको?"

"या घराला नको. मी जिवंत असेपर्यंत या चौकटीत फळी लागणार नाही. पुढचं तुम्ही बघा आणि तुमची कात्री बघा."

असा बोलणारा कुलूपवाला गावाने पाहिलाच नव्हता. अध्यक्षांनी एकवार त्याच्या तोंडाकडे पाहिलं, एकवार त्या काळ्या चौकटीकडे पाहिलं. काय दिसलं त्यांना कोण जाणे. बाह्या वर करून त्यांनी दाराची एक बाजू उचलली. "चला हो सुतारदादा," ते म्हणाले, "पायावर पाडू नका म्हणजे झालं." दोघं ती जड फळी घेऊन ठेचकाळत उताराला लागले आणि वळणाआड गेले.

सून आली होती. कोणी बोलावलं नव्हतं, तरी आली होती. पिशवी खांद्याला लावून गल्लीत जरा खाली उभी होती. त्याच्याकडे बघत नव्हती. घराकडे बघत होती.

ऊन पुढच्या खोलीत शिरलं होतं, मधल्या खोलीत शिरलं होतं. कुलूपवाल्याने उंबऱ्याबाहेर उभं राहून शेवटची हाक मारली.

"कोणी राहिलं का?"

कोणी काही म्हणालं नाही.

"दार काढलंय," तो म्हणाला. आवाज चढवायची त्याला गरज वाटली नाही. "आता तू कोणाला कोंडू शकत नाहीस. आणि तुलाही कोणी कोंडू शकत नाही. माझ्या पोराचा आवाज घेतलास, माझा घेतलास, हिचा घेतलास. माणूस मात्र एकही मिळायचं नाही. यायचं असेल तर ये बाहेर. जे कोणी असशील ते."

बराच वेळ गेला. मग आतल्या खोलीत पाऊल वाजलं. मधल्या खोलीत वाजलं. घरचं माणूस चालतं तसं, घाई नाही की दबकणं नाही.

चौकटीत कोणीतरी येऊन उभं राहिलं. उन्हाने डोळे दिपले असावेत, कपाळावर आडवा हात धरला होता. त्या हाताची सावली तोंडावर होती. खांद्यांवर चुन्याची धूळ बसली होती, झटकली नव्हती. दुसरा हात सवयीने भिंतीतल्या त्या भोकाकडे गेला, आत चाचपून रिकामा परत आला. मग ते उंबरा ओलांडून कुलूपवाल्याच्या अगदी जवळून गेलं. इतक्या जवळून की तळघर उघडल्यासारखा गारवा त्याच्या अंगावर आला. त्याने पाऊल मागे घेतलं नाही.

गल्ली अरुंद. सुनेने पिशवी पोटाशी धरली आणि कडेला सरकून वाट दिली, रस्त्यात कोणालाही द्यावी तशी. तिच्यासमोर आल्यावर मात्र ते थांबलं. कपाळावरचा हात हळूहळू खाली आला. कुलूपवाल्याला पाठच दिसत होती. तिला तोंड दिसत असावं. ती डोळे न हलवता बघत होती.

"बोल," सून म्हणाली. ओठ हलले तेवढेच. "एकदा. शेवटचं."

कुलूपवाल्याने डोळे मिटून घेतले. नको, असं तो मनात म्हणत होता. आणि कान मात्र, वयाला न शोभणारे ते कान, त्या ताणलेल्या सुरासाठी टवकारले होते.

खाली विहिरीवर रहाट करकरला. कुठेतरी कुत्रं भुंकलं.

त्याने डोळे उघडले तेव्हा ते वळलं होतं. उतारावरून, भट्टीच्या बाजूने, हौदाच्या बाजूने, वेशीकडे चालत गेलं. एक शब्द न बोलता.